सोवळे उंबरठ्यापर्यंतच काय?

सज्जन हो, योगशास्त्रात पाच नियम सांगितले, त्यांत पहिला शौच. हल्ली हा शब्द उच्चारला की लोकांना भलतेच आठवते. पण शास्त्राला अभिप्रेत आहे ते शुद्धत्व. भगवंतांनी गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे मोजली, त्यांतही ते घेतले. आणि आपण काय करतो? चुलीपाशी सोवळे, अंगणात सडा-रांगोळी; पण खरकटे, फुटकी काच, औषधाची सुई सारे एकाच पिशवीत कोंबून दाराबाहेर! ती पिशवी पुढे कोणाचा तरी हात उपसतो, आणि त्याला काच लागते. नाहीतर गाय ती पिशवीसकट खाते, आणि तिलाच आपण नैवेद्याचा घास भरवतो. हे कसले सोवळे?

आपल्या पारनेरला तरी हे नव्याने सांगावे लागू नये. सेनापती बापट याच गावचे, १८८० चा जन्म. विलायतेत शिकलेला, बाँबची विद्या घेऊन आलेला हा ब्राह्मण पुढे गावी राहिला आणि पहाटे झाडू घेऊन रस्ते झाडू लागला. १९१४ साली मुलगा झाला, तेव्हा बारशाची पहिली पंगत त्याने अस्पृश्य मानलेल्या बांधवांची बसविली. झाडू आणि पंगत ही दोन निराळी कामे नव्हेत बरे! ज्याची घाण त्याने काढली, तर घाण काढणारा हलका ठरतोच कसा? गाडगेबाबांच्या खराट्याचा अर्थ याहून वेगळा नव्हता.

सरकारने २०१६ च्या नियमांत ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करावयास सांगितले. राज्याने २०१८ साली थर्माकोलची ताटे बंद केली. लोक हसले. अहो, पण आपली आजी हेच करीत होती! शेण, खरकटे, पालापाचोळा उकिरड्यात; वर्षाने त्याचे खत रानात. फुटके भांडे मोडीत, जुन्या लुगड्याची गोधडी. उकिरडा बिघडला तो त्यात प्लॅस्टिक पडल्यापासून. आता खताबरोबर पिशव्याही रानात जातात आणि नांगराला गुंडाळतात.

यंदा वारीला निघताना पंगतीसाठी पळसाच्या पत्रावळी घ्या, आणि दोन रिकामी पोती. ज्या गावाने आपल्याला उतरू दिले, जेवू घातले, त्याच्या शिवारात आपले उष्टे ठेवून पंढरीची वाट धरायची नाही. मुक्काम हलण्यापूर्वी चोपदारांनी एकदा मागे फिरून पाहावे : पत्रावळी खड्ड्यात गेल्या का, बाटल्या पोत्यात वेगळ्या बांधल्या का. मगच दंड वर करावा.