थोडी माया ठेवा

आमच्या घराण्यात गेल्या चार पिढ्यांत कोणी मापाचा कपडा घातल्याची नोंद नाही. कपडा आधी ढगळ असे आणि मग एकदम तोकडा होई. मधे एखादा मंगळवार असा येत असेल की त्या दिवशी तो अंगाला अगदी बरोबर बसावा. पण त्या दिवशी तो नेमका धुवायला पडलेला असे. शिंपी माप घ्यायला वाकला की वडील त्याच्या टेपकडे बघतसुद्धा नसत. "थोडी माया ठेवा हो, वाढतं अंग आहे," एवढंच म्हणत. शिवणीच्या आत दुमडून ठेवलेल्या जादा कापडाला आपण मराठीत माया म्हणतो. हा शब्द ज्यानं रूढ केला तो शिंपी नसणार, कोणाचा तरी बाप असणार.

बुटाला शिवणीत माया ठेवता येत नाही, म्हणून आमच्याकडे ती पुढच्या टोकाला ठेवत. पाचवीत मला जे बूट घेतले ते दोन नंबर मोठे होते. पुढे वर्तमानपत्राचा बोळा. मी वळलो की बूट जरा विचार करून मग वळत. दुकानात वडिलांनी विचारलं, "बसतात ना?" मी म्हटलं, "बसतात." या प्रश्नाला दुसरं उत्तर असतं हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. सातवीत पाऊल एकदाचं बुटाच्या टोकापर्यंत पोचलं तेव्हा तळवे झिजून गेले होते. म्हणजे त्या बुटात मी होतो तेव्हा बूट माझे नव्हते, आणि माझे झाले तेव्हा ते बूट राहिले नव्हते.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेला हिवाळा आम्ही उभयतांनी लेकीकडे, टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टनला काढला. आठ वर्षांचा नातू तिथे आइस हॉकी खेळतो. माझ्या डोक्यात हॉकी म्हणजे ध्यानचंद आणि बर्फ म्हणजे काडीवरचा गोळा. या दोघांची गाठ कधी पडेल असं वाटलं नव्हतं. पहाटे सहाला त्याचा सराव. आपल्याकडे पहाटे पाचला मुलांना फक्त नरकचतुर्दशीला उठवतात, तिथे दर शनिवारी. मग त्याला सजवायचं. नडगीचे पॅड, त्यावर लांब मोजे, जाड गादीसारखी चड्डी, छातीखांद्यांचं चिलखत, कोपरांचे पॅड, गळ्याला पट्टा, तोंडात दातांचं कवच, डोक्यावर जाळीचं हेल्मेट आणि शेवटी हातमोजे. क्रम चुकला की सगळं उतरवून पुन्हा पहिल्यापासून. सत्यनारायणाची पूजा मी यापेक्षा कमी वेळात आटोपलेली पाहिली आहे. हातातली काठीसुद्धा मापाची हवी: अनवाणी उभं राहिलं तर नाकापर्यंत, स्केट घालून उभं राहिलं तर हनुवटीपर्यंत.

नातवाचे स्केट लहान झाले होते. नवे घ्यायचे म्हणून लेक किंमत बोलली. मी तिला मनातल्या मनात साठाच्या आसपास काहीतरीनं गुणलं आणि खुर्चीत बसलो. तिथे गेलेला प्रत्येक मराठी आजोबा पहिला महिनाभर गुणाकारच करत असतो. तिसऱ्या दिवशी जुनं क्रीडासाहित्य विकणारं दुकान मी शोधून काढलं आणि पेन्शनीच्या पैशांतून नातवाला स्केट आणले. निम्म्याहून कमी किमतीत, चकचकीत आणि अर्थातच दोन नंबर मोठे. दोन वर्षं बघायला नको! वाढदिवसाला ते त्याच्या पायांत चढवले आणि विचारलं, "बसतात ना?"

"बसतात, आजोबा."

हा आवाज मी ओळखायला हवा होता.

शनिवारी रिंकच्या काचेबाहेर उभा राहून पाहतो तर बाकीची पोरं पाखरांसारखी सुटलेली आणि आमचं पाखरू दोन्ही घोटे आत मोडून, भिंत धरून चाललेलं. लेकीनं दोनदा बाहेर बोलावून नाड्या आवळल्या. तिसऱ्यांदा त्याची पावलं बधिर झाली. शेवटी कोपऱ्यात पात्यांना धार लावून देणारा एक म्हातारा होता, त्यानं त्याला बाकावर बसवलं आणि एक स्केट उपसून काढला. आत दोन जोड मोजे होते. आणि पुढे टोकाला कागदी रुमालाचा घट्ट बोळा. तो नातवानं स्वतः कोंबला होता. कोणी शिकवलं नव्हतं. आईला पत्ता नव्हता. वर्तमानपत्राच्या जागी पेपर टॉवेल आला, एवढीच काय ती साठ वर्षांतली प्रगती.

तो म्हातारा मग मला स्केटबद्दल बोलला. माझ्याशी बोलताना फार हळू बोलत होता, एक तर माझ्या इंग्रजीमुळे किंवा माझ्या चेहऱ्यामुळे. स्केट हा बूट नाही, तो म्हणाला, तो पायाचा पुढचा भाग आहे. म्हणून रोजच्या बुटापेक्षा एक-दीड नंबर लहानच घ्यायचा. ताठ उभं राहिलं की बोटं टोकाला नुसती शिवली पाहिजेत, आणि गुडघे वाकवले की टाच मागे जाऊन बसते आणि बोटं तेवढी सुटी होतात. नाडी न बांधता पाऊल पुढे सरकवून बघायचं: टाचेमागे एक बोट जाईल तर ठीक, दोन बोटं जात असतील तर दुकानदाराला नमस्कार करून उठायचं. सैल स्केटमध्ये टाच उचलली जाते, घोटा कलतो, मग माणूस नाड्या आवळतो, मग रक्त अडतं. काही स्केट तर भट्टीत घालून ऐंशीएक अंश सेल्सियसपर्यंत काही मिनिटं गरम करतात आणि ऊन असतानाच पायांत घालून नाड्या बांधून बसवतात, म्हणजे ते त्या पावलाचा आकार घेतात. मग एक दिवस वापरायचे नाहीत. बॉबी ऑर नावाचा त्यांचा थोर खेळाडू तर मोजेच घालत नसे. म्हणजे मी आणलेल्या स्केटनी कोणातरी परक्या मुलाच्या घोट्याचा आकार घेतलेला होता आणि माझा नातू त्याच्यात भाडेकरू म्हणून राहत होता.

धारेचंही असंच. मला वाटलं होतं, सुरीसारखी धार. पण पात्याच्या तळाला लांबीभर एक खोलगट पन्हळ असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन कडा; खरं तर तेवढ्या दोन कडांवर माणूस उभा असतो. पन्हळ खोल केली की कडा बर्फात चावतात, वळायला आणि थांबायला बरं; पण तितकी घसरण कमी होते, वेग जातो. पन्हळ उथळ केली की वेग मिळतो, पण थांबायचं म्हटलं तर भिंतीची मदत लागते. दोन्ही एकदम मिळत नाही. हे ऐकून मला आमच्या हाउसिंग सोसायटीचे दोन माजी सेक्रेटरी आठवले, पण तो विषय वेगळा.

त्या रात्री मला झोप आली नाही. (वेळेच्या फरकाचं निमित्त तोवर संपलं होतं.) प्रश्न असा होता की मी ते स्केट कोणासाठी आणले? भिंत धरून चालणाऱ्या त्या आठ वर्षांच्या मुलासाठी नक्कीच नाही. दहा वर्षांच्या मुलासाठी आणले, आणि तो मुलगा अजून जन्मालाच आलेला नाही. दहाव्या वर्षी तो हॉकी खेळेल की तबला वाजवेल हेही ठाऊक नाही. मग या न जन्मलेल्या मुलाच्या सोयीसाठी जन्मलेल्याचे घोटे मोडायचा अधिकार मला कोणी दिला? आणि वर त्याच्याकडून "बसतात" हे प्रमाणपत्र घ्यायचं! आम्ही मध्यमवर्गीयांनी अख्खी आयुष्यं अशीच काढली. चांगले कप पाहुण्यांसाठी, चांगली चादर दिवाळीसाठी, आजचा दिवस निवृत्तीनंतरसाठी.

पण उलटी बाजूही आहे. उद्याचा विचारच करायचा नाही असं ठरवलं तर काय होतं, तेही याच खेळात दिसतं. गोलरक्षकांच्या तोंडावर कठीण रबराची चकती वर्षानुवर्षं आदळत होती, तरी मुखवटा घालणं कमीपणाचं समजत. १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या सामन्यात जाक प्लान्तच्या नाकावर चकती बसली, टाके पडले, तेव्हा त्यानं प्रशिक्षकाला सांगितलं, मुखवट्याशिवाय मी परत बर्फावर जाणार नाही. प्रशिक्षकाला ते पसंत नव्हतं. पण दुसरा गोलरक्षक तयार नव्हता, म्हणून सुधारणा झाली. व्यावसायिक लीगमध्ये हेल्मेटची सक्ती १९७९ साली आली, तीही फक्त नव्यानं येणाऱ्यांना. जुन्यांपैकी शेवटचा उघड्या डोक्याचा खेळाडू १९९७ साली निवृत्त झाला. त्या मंडळींना एखादा माया ठेवणारा बाप मिळायला हवा होता.

आणि मापाचं घ्यायचं, हे तरी कोणाला परवडतं? लडाखमध्ये सुरुवातीच्या काळात लष्करी बुटांना लोखंडी पाती ठोकून गोठलेल्या तळ्यांवर हा खेळ खेळले. पुढे कॅनडातून वगैरे वापरलेलं सामान देणगी म्हणून येऊ लागलं. देणगीतल्या स्केटना नंबर विचारायचा नसतो. ज्याला जो येईल तो त्याचा. अशा ठिकाणाहून निघालेल्या मुलींनी (संघातल्या बहुतेक लडाखच्याच) २०२५ साली संयुक्त अरब अमिरातीत अल ऐनला झालेल्या आशिया चषकात भारताला कांस्यपदक मिळवून दिलं. त्यांच्यापैकी कितीजणींनी बोळे कोंबून सुरुवात केली असेल! त्यांच्यासमोर हे टाचेमागच्या एका बोटाचं तत्त्वज्ञान सांगायला मला तरी धीर व्हायचा नाही. पण त्या मुलींना दुसरे मिळत नव्हते. माझ्या नातवाला मिळत होते. मी आणू दिले नाहीत.

वडील गेले तेव्हा त्यांच्या खोलीतलं सामान आवरायचं काम माझ्याकडे आलं होतं. खाटेखाली ऑफिसचे काळे बूट होते. पॉलिश केलेले. मी पायांत घालून बघितले. आमच्या दोघांचं पाऊल सारखं, आठ नंबर. बूट सात नंबरचे होते. थोरल्या काकांनी टाकलेले असणार, काकांचं पाऊल लहान होतं. टाचेमागचं कातडं ब्लेडनं उभं चिरलेलं होतं, पॅण्टच्या आत दिसणार नाही एवढंच. त्या बुटांवर त्यांनी किती वर्षं लोकल पकडली कोणास ठाऊक. माझ्या बुटांत दोन नंबरांची जागा रिकामी होती ती कुठून आणली होती, हे तोवर मला कळलं नव्हतं. त्यांना "बसतात का?" असं कधी कोणी विचारलेलं मला आठवत नाही. मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मीच लेकीला म्हटलं, "चल, मापाचे घेऊ." दुकानात नातवाचं पाऊल उभ्यानं मोजलं, दोन-तीन जोड घालून पाहिले. एका जोडात तो उभा राहिला. मी सवयीनं तोंड उघडलं, "बसतात..." आणि तिथेच थांबलो. मग म्हटलं, "कुठे टोचतं का रे?"

त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. "आजोबा, अंगठा टोचतो."

"गुडघे वाकव."

वाकवले.

"आता?"

"आता नाही."

आमच्या घराण्यात पादत्राणाविरुद्ध नोंदवलेली ही पहिली तक्रार. पैसे मी दिले, गुणाकार न करता. म्हणजे केला, पण घरी येऊन.

आता शनिवारी सराव संपला की स्केटची देखभाल माझ्याकडे असते. बर्फावरून उतरल्यावर सिमेंटवर पाऊल टाकू द्यायचं नाही, धार जाते; चालताना कडक प्लॅस्टिकचं म्यान, आणि घरी मात्र ते काढून पाती कोरडी पुसून कापडी खोळ घालायची, नाहीतर आतल्या ओलीनं गंज चढतो. हेल्मेटपासून मोज्यांपर्यंत सगळं उघडून टांगायचं. हे न केल्यास दुसऱ्या दिवशी पिशवीतून जो वास येतो त्याच्यापुढे आमच्या जुन्या चाळीचा जिना म्हणजे अत्तराचं दुकान.

मी आणलेले ते मोठे स्केट त्या दुकानानं परत घेतले नाहीत. जावई म्हणाला, देऊन टाकू कोणाला तरी. मी त्यांचीही पाती पुसली, खोळ घातली आणि जोड माळ्यावर ठेवून दिला. लेकीला बजावून आलोय, "इतक्यात टाकू नकोस गं. वाढतं पाऊल आहे त्याचं."