आधी कोणी उतरायचं?

आमच्या सोसायटीत सकाळी गाड्या पुसायला येणारा मुलगा गेल्या महिन्यात म्हणाला, "दादा, सेकंडहँड ऑल्टो बघितलीय. कर्जाला जामीन राहाल का?"

मी लगेच सुरू झालो. अरे, पेट्रोलचे भाव बघ, लावशील कुठे, पुण्यातलं ट्रॅफिक बघतोस ना, बस काय वाईट आहे? तो माझ्याच गाडीची काच पुसत होता. "बरोबर आहे तुमचं," म्हणाला आणि पुढच्या गाडीकडे वळला.

मी बोललो त्यात चुकीचं काहीच नव्हतं. तरी दिवसभर लाज वाटत राहिली.

माझ्या लहानपणी बाबांनी जुनी मारुती ८०० घेतली, कारण आजीला दवाखान्यात न्यायला वेळेवर रिक्षा मिळायची नाही. त्यांना कोणी उपदेश केला नाही, सगळ्यांनी पेढे मागितले. १९८३ मध्ये मारुती येण्याआधी अँबॅसडर किंवा पद्मिनीसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे. १९९१ नंतर परदेशी कंपन्या आल्या, पुढे कर्जंही सहज मिळू लागली आणि आपला मध्यमवर्ग चारचाकीत बसला. बसल्यावर काच वर केली.

२००८ मध्ये रतन टाटांनी नॅनो दाखवली. स्कूटरवरून जाणारं अख्खं कुटुंब पाहून ही कल्पना सुचली, असं ते सांगत. एक लाखाची गाडी म्हटल्यावर अनेक गाडीवाल्यांना पहिली काळजी वाटली ती रस्त्यांची. मलाही वाटली. ते रस्ते तोवर आपल्याच गाड्यांनी भरले होते, हे मनातही आलं नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या शंभरांपैकी दहा घरांकडेही कार नव्हती. उरलेल्या नव्वदांनी घेतली, तर कोणाचीच गाडी हलणार नाही, हे खरंच आहे. पण खरं असणं वेगळं आणि ते कोणी कोणाला सांगायचं, हे वेगळं. दोन-तीन गाड्यांच्या जागेत एक बस चाळीस माणसं नेते. २००६ मध्ये पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर रस्त्यावर बससाठी वेगळी मार्गिका आखली, तेव्हा तिच्यात गाडी घालणाऱ्यांत मीही होतो. बसला जागा द्यायची नाही आणि बसने जा म्हणायचं, याला सल्ला म्हणत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी त्याला आदल्या दिवशीच विचारायला हवं होतं ते विचारलं. गाडी कशाला हवीय?

"आईला डायलिसिसला न्यावं लागतं. बाईकवर तिला आता बसवत नाही."

मी सही केली. प्रश्न सुटला असं नाही. रस्त्यावर एक गाडी वाढली. त्या बदल्यात एक कमी व्हायला हवी असेल, तर ती कोणाची, हे मला माहीत आहे.