ताईच्या गोळ्यांचा डबा

देऊळगाव राजा

छकुली,

'आईचा आजार मलाही होईल का, आणि स्थळाकडच्या पाहुण्यांना सांगायचं का?' असं तू फोनवर विचारलंस तेव्हा बैठकीत माणसं होती, म्हणून लिहितो आहे.

होऊ शकतो, खोटं सांगणार नाही. स्किझोफ्रेनिया शंभरात साधारण एकाला होतो. आई किंवा वडिलांना असला तर मुलांपैकी शंभरात दहाच्या आसपास. म्हणजे नव्वद जणांना होत नाही. बालाजीच्या यात्रेत लाकडी खांबांच्या लाटा उभ्या करताना तू लहानपणापासून पाहतेस. एका दोरानं लाट उभी राहते का? या आजारातही शेकडो जनुकांची थोडी थोडी ओढ असते. जन्माच्या वेळचा त्रास, लहानपणचे आघात, गांजा यांचीही भर पडते. जनुकं आपल्या हातात नाहीत, गांजा आहे. त्याला कधी शिवू नकोस. झोप उडाली, कुणी पाळत ठेवतंय असं वाटू लागलं, तर त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञ गाठ. रात्री-अपरात्री टेलि-मानस हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे, फुकट, मराठीतही बोलतात.

आता पाहुण्यांचं. ताईचं, म्हणजे तुझ्या आईचं, लग्न ठरवताना आम्ही लपवलं. हळदीच्या डब्यात तळाशी पुडी करून तिनं गोळ्या सासरी नेल्या. एक दिवस सासूबाईंनी डबा घासायला काढला आणि भीतीनं तिनं सगळ्या गोळ्या न्हाणीत टाकल्या. पुढे रात्र रात्र दाराच्या कड्या तपासायची. आम्ही सैलानीच्या दर्ग्याला नेलं, नवस बोललो. दवाखाना गाठला वर्षानं. चूक आमची, घरच्यांची. गोळ्या पुन्हा लागू पडल्यावर त्याच ताईनं तुला वाढवलं, दहावीपर्यंत तुझा अभ्यास घेतला.

डॉ. जगन्नाथ वाणींच्या पत्नीला हाच आजार होता. त्यांनी तो दडवला नाही. पुण्यात रुग्णांच्या कुटुंबांसाठी संस्था उभी केली, 2004चा 'देवराई' चित्रपटही त्यांच्याच पुढाकारानं झाला. जमलं तर मुलासोबत बसून बघ.

दाजींशी बोललोय. साखरपुड्याआधी मीच सांगेन, आजाराचं नाव घेऊन. 'जरा टेन्शन घेते' असलं काही नाही. स्थळ मोडलं तर मोडू दे, पोरी.

रविवारी सकाळच्या एसटीनं येतो. ताईला म्हणावं, पाहुणे आले तरी गोळ्यांचं पाकीट ओट्यावरच असू दे.

तुझा मामा