लाओकोऑन: वेदना आणि प्रेक्षक
१५०६ मध्ये रोमच्या एका द्राक्षमळ्यात सापडलेल्या ‘लाओकोऑन’ या संगमरवरी शिल्पाच्या कीर्तीत एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. सर्पांच्या विळख्यात दोन पुत्रांसह सापडलेल्या ट्रॉयच्या या पुरोहिताच्या मुद्रेत विंकेलमानला (१७५५) आत्म्याची उदात्त शांती दिसली. लेसिंगने (१७६६) तिचे कारण माध्यमात शोधले: व्हर्जिलच्या काव्यातील लाओकोऑन आक्रोश करू शकतो, शिल्पात आक्रोशाने वासलेले तोंड विरूप ठरेल. दोघांचेही लक्ष मुखावर होते. उजव्या हाताचा इतिहास मात्र निराळे काही सुचवतो. मूर्ती सापडली तेव्हा तो हात नव्हता. सोळाव्या शतकात तो उंच उगारलेला असा घडवण्यात आला आणि वेदनेला प्रतिकाराची वीरश्री लाभली. विसाव्या शतकाच्या आरंभी लुडविग पोलाकला गवसलेला आणि १९६० पर्यंत मूर्तीला जोडला गेलेला प्राचीन हात कोपरात दुमडून मस्तकामागे वळलेला आहे. अर्थात, रसिकांनी शतकानुशतके जो कलाकृतीचा गुण मानला, त्याचा काही अंश त्यांच्याच अपेक्षेने पुरवलेला होता. पीडिताने आपले दुःख डौलाने भोगावे, ही मागणी सौंदर्याच्या नियमाची की पाहणाऱ्याच्या सोयीची? करुणरसाच्या आस्वादाची मीमांसा करणाऱ्या समीक्षेलाही हा प्रश्न टाळता येणार नाही.