परक्या पैशावरचा दवाखाना

20 जानेवारी 2025 रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी परदेशी मदत नव्वद दिवस गोठवण्याच्या आदेशावर सही केली आणि थोड्याच दिवसांत पुण्यातलं 'मित्र' क्लिनिक बंद पडलं. तृतीयपंथीयांसाठीचं हे क्लिनिक 'यूएसएड' या अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेच्या पैशावर चालायचं. हैदराबाद आणि कल्याणचीही बंद झाली. तिन्हींवर अवलंबून असलेली माणसं पाच हजारांच्या घरात होती. अमेरिकी करदात्याचा पैसा इथे जात होता म्हणून इलॉन मस्क यांनी नाकही मुरडलं.

एचआयव्हीची औषधं मात्र थांबली नाहीत. ती सरकारी एआरटी (एचआयव्हीवरील उपचार) केंद्रांत मोफत मिळतात. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा 2021 ते 2026 हा पाचवा टप्पा, 15,471.94 कोटी रुपयांचा, पूर्णपणे केंद्र सरकारच्या खर्चाने आखलेला. आफ्रिकेतल्या कित्येक देशांत गोळीच अमेरिकेच्या पैशातून येते; आपलं तसं नाही.

मग गेलं काय? न बिचकता चढता येईल अशी दवाखान्याची पायरी गेली. एरवीच्या दवाखान्यात केसपेपरवरचं पुरुषी नाव मोठ्यानं पुकारलं जातं, साडी नेसलेली व्यक्ती उठते आणि अख्खी ओपीडी वळून बघते. एकदा असं झालं की पुढच्या तपासणीला कोण येईल? मग हार्मोनच्या गोळ्या ओळखीतल्या कुणाला तरी विचारून मेडिकलमधून घ्यायच्या. 'मित्र'मध्ये कामाला त्याच समाजातले लोक होते, आणि हार्मोन उपचार, एचआयव्ही तपासणी, समुपदेशन सगळं एकाच जागी व्हायचं.

खरं तर हे काम अमेरिकेचं नव्हतंच. तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठी संसदेनं 2019 साली केलेल्या कायद्याच्या 15व्या कलमानं एचआयव्ही सर्वेक्षण केंद्रं, हार्मोन उपचार आणि समुपदेशन यांची जबाबदारी सरकारवर टाकली. परदेशी पैसा येत होता तोवर ती फारशी कुणाला आठवली नाही. ट्रम्प यांना नावं ठेवावीत, जरूर ठेवावीत. पण या कलमाचं काय केलंत, हा प्रश्न वॉशिंग्टनला विचारून उपयोग नाही.

हैदराबादचं क्लिनिक टाटा ट्रस्टच्या मदतीनं 'सबरंग' नावानं पुन्हा सुरू झालं. पुण्यातही असं करता येईल: चाकणपासून हिंजवडीपर्यंत नफ्यातले दोन टक्के समाजकार्याला देणं कायद्यानं बंधनकारक असलेल्या कंपन्या आहेत, आणि पुणे महापालिकेचे स्वतःचे दवाखाने आहेत. त्यातल्या एका दवाखान्यात आठवड्यातली एक संध्याकाळ तृतीयपंथीयांसाठी राखून ठेवा, असं तुमच्या नगरसेवकाला लेखी कळवा.