पोसणाऱ्याचे नाव

मे महिना सरत आला आणि वळवाचे वारे सुटले, की आमच्या खरवईत साळुंकीची पिल्ले माणसांच्या घरात येऊ लागतात. आपण होऊन नव्हे, आणली जातात. कुणा मुलाला गटाराच्या कडेला सापडते, कुणाच्या न्हाणीघराच्या पंख्यामागच्या भोकातून खाली पडते. साळुंकी स्वतः ढोली पोखरत नाही, तयार भोक शोधते. पूर्वी ते आंब्याजांभळाच्या खोडात मिळे. बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण जांभळाची कितीतरी झाडे इमारतींना जागा देत गेली. २००१ च्या जनगणनेत लाखाच्या आत असलेली कुळगाव-बदलापूरची वस्ती २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात पोहोचली. झाडे गेली तरी साळुंकी गेली नाही. तिने भिंतीतली भोके धरली, पत्र्याखालच्या खाचा धरल्या. म्हणजे आमची घरे तिच्या जागेवर उभी राहिली आणि तिचे घर आमच्या भिंतीत आले. अशा शेजारणीचे पोर अंगणात पडले तर आम्ही त्याचे कोण लागतो, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही.

आधी पहिली गोष्ट. पडलेले प्रत्येक पिल्लू अनाथ नसते. अंगावर पिसे आलेले, दोन पायांवर उड्या मारणारे पिल्लू उडायला शिकत असते. आईबाप जवळच्या तारेवर बसून ओरडत असतात आणि आम्ही समजतो की त्याला कुणी नाही. असे पिल्लू उचलून उंच फांदीवर ठेवावे आणि बाजूला व्हावे. माणसाचा हात लागला की पक्षीण पिल्लाला टाकते, हे आम्ही सगळ्यांनी आजीकडून ऐकले आहे. ते खरे नाही. उघडे-नागडे पिल्लू असेल आणि घरटे हाताशी असेल, तर त्याला परत आत ठेवणे हीच सर्वांत मोठी सेवा. अबू दाऊदच्या संग्रहात एक हदीस आहे. प्रवासात काही सोबत्यांनी एका छोट्या पक्षिणीची पिल्ले उचलली, ती पंख फडफडवत भोवती घिरट्या घालू लागली. पैगंबर (स.) यांनी विचारले, हिला पोरांवरून कुणी दुखावले? आणि पिल्ले परत करायला सांगितले. आमच्या मते या विषयातला पहिला कायदा हाच. वाचवण्याच्या उत्साहात आम्ही पुष्कळदा चोरीच करत असतो.

पण घरटेच गेले असेल, भोक सिमेंटने बुजवले गेले असेल, तर मग पिल्लू खरोखर आमच्या गळ्यात येते. आणि तिथे आमची माया उघडी पडते. आम्हाला माया म्हणजे दूधभात. पिल्लू घरात आले की कुणी दुधात पाव भिजवतो, कुणी बिस्कीट कुस्करतो, कुणी चमच्याने साखरपाणी चोचीत सोडतो. यातले प्रत्येक त्याला अपायकारक आहे. पक्ष्याला दूध पचत नाही. साळुंकी ज्या कुळातली, त्या कुळातल्या युरोपी स्टारलिंगच्या आतड्यात आपली नेहमीची साखर फोडणारा पाचक रसच नसतो, हे संशोधकांनी दाखवून दिले आहे. आणि पाणी? पिल्लाच्या जिभेच्या मुळाशी श्वासनलिकेचे तोंड उघडे असते, वरून सोडलेला थेंब थेट फुप्फुसात जातो. पाणी त्याला खाण्यातूनच मिळते. रानात त्याचे आईबाप नाकतोडे, अळ्या, किडे आणतात. घरात त्याची जागा उकडलेल्या अंड्याचा बलक आणि मांजराचे भिजवून मऊ केलेले कोरडे खाद्य काही अंशी भरून काढते. बोथट चिमट्याने वाटाण्याएवढा घास, पिवळ्या कडांची चोच 'आ' झाली की आत. अगदी लहान पिल्लाला पहाटे फटफटल्यापासून दिवस मावळेपर्यंत दर वीस-तीस मिनिटांनी. त्याआधी त्याला ऊब हवी. गार पडलेल्या पिल्लाला घास भरवला तर तो पचत नाही. पुठ्ठ्याचा खोका, मऊ फडके, बाजूला सौम्य दिवा. विष्ठा पांढऱ्या पिशवीत बांधलेली येते, ती दर घासानंतर उचलायची, जशी त्याची आई चोचीतून उचलून नेते. असे सुमारे तीन आठवडे. साळुंकी चार-पाच अंडी घालते आणि हे सगळे दोघे नवराबायको मिळून पार पाडतात. आमच्या घरात हे काम बायकांवर पडते, हेही सांगून टाकावे. पिल्लू आणणारा मुलगा शाळेत जातो, सवाबाचे व्याख्यान देणारा बाप लोकल पकडतो.

आता रिज्कचा प्रश्न. आमच्या गल्लीतल्या एका चाचांनी तो सरळ विचारला: "प्रत्येकाची रोजी अल्लाहकडे आहे ना? मग ते पिल्लू मांजराची रोजी नसेल कशावरून? मांजरालाही पिल्लं आहेत." हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. एका साळुंकीसाठी शेकडो किडे मरतात, आणि कुराण तर सूरह अनआममध्ये सांगते की जमिनीवर चालणारे जीव आणि पंखांनी उडणारे पक्षी तुमच्यासारख्याच उम्मती आहेत. नाकतोड्यांचीही उम्मत असेलच. आमचे उत्तर एवढेच की सगळ्या सृष्टीचा हिशेब आमच्यावर सोपवलेला नाही. मांजराच्या तोंडून घास काढायला आम्ही रानोमाळ हिंडत नाही. पण ज्याचे घर आमच्या भिंतीच्या दुरुस्तीत गेले, तो निसर्गाच्या हातून पडलेला नाही, आमच्या हातून पडला आहे. तिथे रोजीची भाषा बोलणे म्हणजे आपली जबाबदारी वरच्या दरबारात ढकलणे होय.

मांजरावरून दुसरी हदीस सगळ्यांना ठाऊक आहे. एका बाईने मांजर कोंडून ठेवले, खाऊ घातले नाही आणि जमिनीवरचे किडेमकोडे खायला मोकळेही सोडले नाही. त्यासाठी तिला शिक्षा झाली. यातून बहुतेक लोक दोन पर्याय काढतात: खाऊ घाला, नाही तर सोडा. हाताने वाढवलेल्या पिल्लाच्या बाबतीत हे दोन्ही पर्याय अपुरे पडतात. नुसते खाऊ घातले तर ते आमचे होऊन बसते, आणि तसे झाल्यावर सोडले तर मरते. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कोनराड लोरेंझ यांनी रानहंसांच्या पिल्लांवर दाखवले की अंड्यातून निघाल्यावर जे पहिले हलते दिसेल त्यालाच ती आई मानून मागे लागतात. साळुंकीचे सगळे तसेच नसते, पण एकटे, माणसांतच वाढलेले पिल्लू माणसाकडेच चोच वासते, माणसाच्या खांद्यावर बसते, स्वतःच्या जातीला बिचकते. आम्ही ते पाहून हरखतो. म्हणतो, बघा, किती जीव लावला! ते मात्र आपण साळुंकी आहोत हेच विसरलेले असते.

इथे आम्हाला आपल्या परंपरेतली एक गोष्ट आठवते, जी या विषयात सहसा कुणी आणत नाही. इस्लाममध्ये यतीमाला पोसणे हे मोठे पुण्य. स्वतः पैगंबर (स.) यतीम होते, दाई हलीमाने दूध पाजले, आजोबांनी आणि मग चुलते अबू तालिब यांनी वाढवले. पण सूरह अहजाबमध्ये बजावले आहे की पोसलेल्या मुलांना त्यांच्या जन्मदात्यांच्या नावाने हाक मारा. झैद हे पैगंबरांच्या घरी वाढले, लोक त्यांना झैद बिन मुहम्मद म्हणत. या आयतीनंतर ते पुन्हा झैद बिन हारिसा झाले. पोसा, पण त्याची वंशावळ पुसू नका. याला कफाला म्हणतात. माणसांच्या बाबतीत या नियमाने काही मुलांचे नुकसानही झाले आहे. नाव नाही, वारसा नाही, शाळेच्या कागदावर प्रश्न. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शबनम हाश्मी प्रकरणात सांगितले की धर्म कोणताही असो, बालन्याय कायद्याखाली दत्तक घेता येते. आम्हाला तो निकाल योग्य वाटतो. त्या मुलांचा वाद वेगळा आहे आणि पाखराच्या आडून आम्ही तो सोडवू पाहत नाही. पण पाखराच्या बाबतीत कफालाचा नियम नेमका लागू पडतो. त्याला घास द्या, ऊब द्या, नाव मात्र देऊ नका. मिठ्ठू, राणी, चिंटू असे एकदा म्हटले की ते आमच्या कुटुंबाच्या खात्यावर चढले.

कुणी म्हणेल, झैद यांनी तर बाप न्यायला आला तेव्हा राहणेच पसंत केले होते. मग साळुंकीने राहायचे ठरवले तर? फरक असा की झैद यांच्यापुढे जाण्याची वाट खरोखर मोकळी होती, आणि जायचे कुठे हे त्यांना ठाऊक होते. ज्या पक्ष्याला दुसरी वाट दाखवलीच नाही, त्याच्या राहण्याला पसंती कसे म्हणावे?

म्हणून वाढवण्याची रीत वेगळी हवी. खोका खिडकीशी, बाहेरच्या साळुंक्यांचा कलकलाट कानावर पडेल असा. भरवताना लाडिक बोलणे नाही. दोन पिल्ले असतील तर ती एकत्र. पंख भरले की बाहेरच्या आडोशाला ठेवून हळूहळू मोकळीक, घास काही दिवस तिथेच मिळत राहील अशी. संध्याकाळी खरवईच्या झाडांवर साळुंक्यांची शाळा भरते, तिथे एक दिवस तो आवाज मिसळून जातो. कायदाही हेच मागतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साळुंकीला पिंजऱ्यात पाळणे वा विकणे गुन्हा आहे. जमत नसेल तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. जो पक्षी अपंग आहे किंवा जाऊच शकत नाही, त्याची गोष्ट निराळी. त्याचे काय करायचे हे जाणकारांनी ठरवावे.

पिंजऱ्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. काही घरांत आजार हटावा म्हणून बाजारातून मुनिया विकत आणून सदका म्हणून उडवतात. उडवणाऱ्याला वाटते आपण कैद्याला मुक्त केले. पण त्या पैशाने पारधी उद्या आणखी मुनिया पकडतो. मुक्तीची मागणी आहे म्हणून कैद आहे. यात बिचारा पारधीच बदनाम होतो. पिढ्यान्‌पिढ्या पक्षी पकडणाऱ्या मीरशिकार समाजातले, बिहारचे अली हुसेन यांनी आपले कसब बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या कामाला दिले. पक्षी पकडायचा, पायात कडे घालायचे आणि सोडायचा. हात तेच, फासे तेच. त्याच संस्थेचे सलीम अली (१८९६-१९८७) लहानपणी आईबाप गमावलेले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी खेतवाडीत त्यांना वाढवले. त्यांनी पोरवयात एक चिमणी मारली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून हिचे मांस हलाल आहे का असे त्यांनी मामांना विचारले. मामांनी त्यांना सोसायटीत धाडले आणि तिथून पुढचे सगळे घडले. खाण्यापूर्वी थांबून विचारण्याची सवय त्या घराने लावली होती, हे आम्हाला त्या गोष्टीत महत्त्वाचे वाटते.

आणि शेवटी जे सगळे टाळतात ते. इतके करूनही अशी बरीच पिल्ले मरतात, पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच. मोठी माणसे म्हणतात, पाखरूच तर होते. मोझार्टने १७८४ च्या मे महिन्यात एक स्टारलिंग विकत घेतला होता. १७८७ च्या २८ मे रोजी त्याचे वडील वारले आणि ४ जूनला तो पक्षी. वडिलांच्या दफनाला तो गेला नाही, पक्ष्याला मात्र बागेत रीतसर मिरवणुकीने पुरले. लोक अजून त्याला हसतात. मदिनेत अबू उमैर नावाच्या लहान मुलाकडे नुगैर नावाचा छोटा पक्षी होता. तो मेला आणि मूल खिन्न बसले. पैगंबर (स.) यांनी त्याला, मोठ्या माणसाला हाक मारावी तशी कुनियतीने हाक मारून, पक्ष्याचे काय झाले ते विचारले. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत ही हदीस आहे. इब्न अल-कास या शाफई विद्वानाने तर तिच्यातून साठ मसले काढले. आमच्या गल्लीतल्या मुलीने पिल्लू गेल्यावर एकच विचारले होते, "खाला, त्याच्या आईला कुणी सांगितलं का?" भिंतीतले ते भोक बुजवलेलेच होते, पण तारेवर दोन साळुंक्या बसलेल्या होत्या. खालाने तिला हाताला धरून बाहेर नेले आणि दोघी बराच वेळ वर पाहत उभ्या राहिल्या.