आधी आलेल्याचा मान

नंदुरबार जिल्ह्यात ज्वारी-मका साठवणाऱ्या घरांत मांजर उंदरांपासून दाणा राखते. अशा घरात सून येते किंवा बाळ जन्मते, आणि कालपर्यंत चुलीपाशी निजणारे मांजर माळ्यावर दडते, फिस्कारते, अन्नाला तोंड लावत नाही. मग त्याला पोत्यात घालून गावाबाहेर सोडावे काय? पाळलेले जनावर विनाकारण उपासमारीच्या तोंडी सोडणे १९६०च्या कायद्याने गुन्हा आहे. परंतु प्रश्न कायद्यापुरता नाही. घरातला बदल आपण ठरवला, मांजराला कोणी विचारले नव्हते. तेव्हा त्याची भीती निवारणे आपल्याकडेच येते.

मांजर घर ओळखते ते मुख्यतः गंधाने. म्हणून त्याची दडण्याची जागा व जेवणाची वेळ आपण बदलू नये. नव्या माणसाचे वापरलेले कापड त्याच्या आसपास ठेवावे. त्या माणसाने त्याला उचलू नये, नजर रोखू नये. नुसते बसावे, पुढे घासही घालावा. जवळ केव्हा यायचे, हे मांजराला ठरवू द्यावे. तान्ह्या बाळापाशी मात्र त्याला एकटे ठेवू नये. यास आठवडे, कधी महिनेही लागतात.

नव्याचे स्वागत आपले कर्तव्य खरेच. पण त्यासाठी जुन्याला हुसकावण्याची गरज नसते. ज्याला आपले दुःख बोलून सांगता येत नाही, त्याच्यासाठी थोडे थांबणे, एवढेच आपल्याकडून अपेक्षित आहे.